दाउसी म्हणजे राजमा नव्हे

गेल्या महिन्यात या पानावर मी कँटोनीज पद्धतीच्या वांग्यांची कृती दिली होती. जागा कमी म्हणून ती दहा ओळींत कोंबली, आणि त्याचं फळ टपालातून आलं: पत्रं, ईमेल आणि दोन फोटो. त्यातला एक जळलेल्या कढईचा. ज्यांना जमलं त्यांचं कौतुक आहेच, पण ज्यांचं बिघडलं त्यांची पत्रं जास्त कामाची. म्हणून ती आधी घेते.

ज्यांनी मागचा अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी कृती पुन्हा सांगते. अर्धा किलो लांब जांभळी वांगी बोटाएवढी चिरून वाफवून किंवा तळून आधी मऊ करायची. कढईत दोन मोठे चमचे तेल, त्यात पाच-सहा पाकळ्या लसूण, पेरभर आलं आणि दीड मोठा चमचा खारवलेले काळे सोयाबीन, म्हणजेच दाउसी, धुऊन ठेचलेले. वास सुटला की वांगी, पाव वाटी पाणी, अर्धा छोटा चमचा सोया सॉस, तेवढीच साखर. झाकण ठेवून तीन मिनिटं. वर कांद्याची पात. मीठ अजिबात नाही.

हे शेवटचं वाक्य गेल्या वेळी मी लिहायलाच विसरले. निम्मी पत्रं त्याचीच आहेत. माफ करा.

*ताई, काळा राजमा रात्रभर भिजवला, कुकरला चार शिट्ट्या काढल्या, लसूण-मिरची घालून मिक्सरला फिरवला आणि तो ब्लॅक बीन सॉस म्हणून वांग्यांत घातला. त्याची चक्क आमटी झाली. मुलं म्हणाली, हे चायनीज नाही, हे मंगळवारचं जेवण आहे. कुठे चुकलं? — नाशिक*

तुमचं काही चुकलं नाही, इंग्रजी नावानं फसवलं. ‘ब्लॅक बीन’ म्हटलं की दुकानदार काळा राजमा काढून देतो. तो मेक्सिकोकडच्या स्वयंपाकातला. चिनी सॉसमधला दाणा म्हणजे काळा सोयाबीन, आणि तोही नुसता शिजवलेला नव्हे. तो उकडतात, त्यावर बुरशी चढवतात, ती धुऊन काढतात, मग मीठ लावून रांजणात मुरवतात आणि वाळवतात. मँडरिनमध्ये त्याला दोउची म्हणतात. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौला आमच्या मजल्यावर सगळे कँटोनीज बोलायचे, त्यांच्या तोंडी तो दाउसी. मी तेच म्हणते.

२००६ ते २०१३ अशी सात वर्षं आम्ही तिथे होतो, हायझू भागातल्या एका जुन्या इमारतीत, चौथा मजला, लिफ्ट नाही. समोरच्या दारात एक आजी राहायच्या. सगळी इमारत त्यांना पोपो म्हणायची, म्हणून मीही. माझं कँटोनीज तेव्हा भाजीच्या भावापुरतं. पहिल्याच महिन्यात बाजारातून मी दाउसीचं पाकीट आणलं आणि उसळीसारखी अर्धी वाटी दाणे घालून वांग्यांची भाजी केली. वरून सवयीनं मीठ. आमच्या ह्यांनी दोन घास खाल्ले आणि रात्रभर पाणी पीत बसले. दुसऱ्या दिवशी मी ते भांडं पोपोंना दाखवलं. त्या हसल्या नाहीत, हे आजही लक्षात आहे. त्यांनी आपल्या डब्यातले सात-आठ दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि एक उचलून माझ्या तोंडात घातला.

दाणा काळ्या मनुकेसारखा सुरकुतलेला. दाबला की मेणासारखा दबतो, बोटाला काळा डाग लागतो. वास मुरलेल्या लोणच्याच्या बरणीच्या तळाशी असतो तसा, आणि त्याच्या मागे कुठेतरी कडू चॉकलेट. जिभेवर आधी नुसतं मीठ, मग हळूहळू एक खोल चव, जी घशापर्यंत राहते.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं: हे तर सोडे! आमच्या अलिबागच्या माहेरी वांग्यात मूठभर सोडे पडले की अख्खी भाजी सोड्यांची होते. कोणी सोड्यांची उसळ करत नाही. दाउसीला तसंच धरा. ती भाजी नाही, डाळ नाही, ग्रेव्ही तर नाहीच नाही. अर्धा किलो वांग्यांना दीड-दोन चमचे, बस. शाकाहारी घरात सोड्यांचं काम करणारी मला माहीत असलेली ही एकच वस्तू.

फार जुनी वस्तू आहे ही. हूनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगदुई इथं हान काळातल्या थडग्यांचं उत्खनन १९७२ मध्ये सुरू झालं. त्यातल्या एका सरदारपत्नीच्या थडग्यात, जे इ.स.पूर्व १६५ च्या सुमारास बंद केलेलं होतं, इतर खाण्याच्या वस्तूंबरोबर दाउसीही निघाली. परलोकाच्या प्रवासाला बाईनं शिदोरीत दाउसी नेली. मला ती एकदम जवळची वाटते.

तुमचा उरलेला राजमा मात्र टाकू नका. गोडा मसाला आणि चिंच घाला, आमटी उत्तम होईल.

*वांगी तळली तर तेल पितात, वाफवली तर चिखल होतो. तुमच्या फोटोतल्या फोडी अख्ख्या कशा राहिल्या? मी आमच्याकडची कृष्णाकाठची वांगी वापरली. — सांगली*

कृष्णाकाठच्या वांग्यांबद्दल मला नितांत आदर आहे. ती भरून करा. इथं त्यांचा उपयोग नाही, कारण ती गोल, गराची आणि बियांची. कँटोनीज बाजारात मिळतं ते वांगं हातभर लांब, बारीक, फिकट जांभळं, सालीला अगदी पातळ आणि बियांना कमी. आपल्याकडे त्याला जवळचं म्हणजे लांब जांभळं वांगं. घेताना तुमच्या आजीचाच नियम लावा: आकारापेक्षा हातात हलकं लागेल ते, देठ हिरवागार, साल ताणलेली.

आता तेलाचं. वांग्याचा गर म्हणजे हवा भरलेला स्पंज. कच्ची फोड तेलात टाकली की त्या पोकळ्यांत तेल शिरतं, आणि कढई कोरडी दिसली की आपण आणखी ओततो. गराच्या भिंती एकदा कोसळल्या, हवा निघून गेली, की तेलाला जागाच राहत नाही. म्हणजे वांगं तेलात जाण्याआधीच त्याची हवा काढायची. कशी काढायची ते तुमच्या वेळेवर आणि स्वभावावर आहे.

मी रोजच्याला वाफवते. वांगं उभं चिरून, मग बोटभर लांबीचे तुकडे, मोदकपात्रात एका थरात, पाणी खळखळ उकळल्यावरच आत ठेवून ८ मिनिटं. चिखल होतो तो दोन कारणांनी: फोडी ढिगानं रचलेल्या असतात, किंवा झाल्यावर त्याच भांड्यात झाकून ठेवलेल्या असतात. लगेच बाहेर काढायच्या आणि चाळणीत दहा मिनिटं निथळू द्यायच्या. जे पाणी खाली पडतं ते तपकिरी आणि तुरट असतं, ते कढईत गेलं की सगळंच पुळकवणी होतं. वाफवल्यावर सालीचा जांभळा रंग जातो. जाऊ द्या, दाउसी कुठे रंग दिसू देते!

मायक्रोवेव्ह असेल तर पसरट ताटलीत ५-६ मिनिटं, काम तेच होतं. पोपोंच्या सुनेची पद्धत वेगळी होती. ती फोडींना मीठ लावून वीस मिनिटं ठेवायची, पिळायची आणि मग तेल न घालता तापलेल्या कढईत झाकण ठेवून परतायची. फोडी दबून अर्ध्या होतात, कडा करपल्यासारख्या होतात आणि चव सगळ्यात छान येते. फक्त मीठ लावलेलं वांगं आणि दाउसी म्हणजे खारटावर खारट, तेव्हा फोडी पिळण्याआधी एकदा धुवा आणि सोया सॉस वगळा.

आणि तळायचंच असेल तर तेल कडकडीत हवं. लाकडी चॉपस्टिकचं टोक बुडवल्यावर भोवती लगेच जोरात बुडबुडे आले पाहिजेत. थोड्या-थोड्या फोडी, दीड मिनिट, बाहेर. घाईनं सगळ्या एकदम टाकल्या की तेल गार पडतं आणि तुमच्या पत्रातला प्रकार घडतो. तळलेल्या वांग्याची साल मात्र जांभळी, चकचकीत राहते. पाहुणे असतील तर मी तळते, हे कबूल.

आपल्या घरच्या गॅसला तिथल्या हॉटेलांसारखी आच नाही, म्हणून अर्धा किलोच्या वर वांगी एका कढईत करू नका. दोनदा करा.

*दाणे घातल्याबरोबर कढई करपली. फोटो पाठवत आहे. — चिंचवड*

फोटो पाहिला. हळहळले. दाउसी फार पटकन जळते आणि जळली की कडूजहर होते. तेल मध्यम तापलं की लसूण-आलं आणि दाणे एकत्रच टाका आणि अर्ध्या मिनिटात, लसूण पांढरट-सोनेरी असतानाच, वांगी आणि पाणी घाला. आपण मोहरी तडतडण्याची वाट बघतो तशी इथं कशाचीच वाट बघायची नाही.

दाणे ठेचतानाही एक गोष्ट. पोपो दाणे पाण्यातून नुसते खंगाळून घ्यायच्या, भिजत घालायच्या नाहीत. मग वाटीत लसणाबरोबर ठेवून सुऱ्याच्या लाकडी मुठीच्या बुडानं दोन-चारदा ठोकायच्या. सुरा उलटा धरलेला, पातं वर, आणि तोंडानं शेजारणीशी गप्पा. मी प्रत्येक वेळी श्वास रोखून बघायची. तुम्ही खलबत्ता वापरा. अर्धे फुटलेले, अर्धे अख्खे असे दाणे झाले की थांबा. पेस्ट नको.

*वांगं मूळचं आपलं. चंपाषष्ठीला खंडोबाला आपण वांग्याचं भरीत आणि रोडगा दाखवतो. मग वांग्याच्या भाजीसाठी चीनकडे कशाला बघायचं? — निवृत्त शिक्षक, जेजुरी*

गुरुजी, नमस्कार. वांगं मूळचं भारत-ब्रह्मदेशाच्या बाजूचं असं मानतात, हे बरोबर. पण तिकडेही ते काल-परवा पोहोचलेलं नाही. सिचुआनमधल्या वांग बाओ नावाच्या लेखकानं इ.स.पूर्व ५९ मध्ये एका गुलामाचा गमतीदार करारनामा लिहिला, त्यात गुलामाच्या कामांच्या यादीत वांग्याची रोपं वेगळी करून लावण्याचं काम आहे.

आणि सहाव्या शतकात च्या सस्ये नावाच्या अधिकाऱ्यानं शेती आणि घरगुती प्रक्रियांवर ‘छी मिन याओ शू’ हा ग्रंथ लिहिला. त्यातली वांग्याची कृती वाचून मी उडालेच. बिया न धरलेली कोवळी वांगी घ्या. बांबूच्या किंवा हाडाच्या सुरीनं चार फाका करा, लोखंडाच्या सुरीनं वांगं काळं पडतं. उकळत्या पाण्यातून काढून उग्र वास घालवा. तेलात पांढरी पात खमंग करा, सोयाबीनचा मुरलेला पातळ खार घाला, वांगी घालून शिजवा, शेवटी आलं आणि तिकडचे मिरे. हे मिरे म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या भावकीतले. आता सांगा, आधी उकळत्या पाण्यातून काढायचं आणि मग फोडणीत टाकायचं, हे मी वर सांगलीच्या ताईंना वेगळं काय सांगितलं? पंधराशे वर्षांत फक्त सुरी बदलली.

तुमचं भरीत मी सोडलेलं नाही. चातुर्मासात वांगं बंद असतं तेव्हा सगळ्यात जास्त आठवण त्याचीच येते.

*बाटलीतला तयार ब्लॅक बीन सॉस आणला आहे. तो आणि सुके दाणे यांत फरक काय? किती घालू? — ठाणे*

तयार सॉसमध्ये दाउसीबरोबर लसूण, साखर, तेल, मीठ आणि बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा स्टार्च असतो. काम भागतं. ली कुम की या जुन्या कंपनीचा लसूण घातलेला सॉस इथल्या दुकानांतही दिसतो. अर्धा किलो वांग्यांना एक मोठा चमचा घ्या, सोया सॉस पूर्ण वगळा, आणि चाखून मगच आणखी घाला. घरात कोणाला गहू चालत नसेल तर लेबल नीट वाचा. सुक्या दाण्यांच्या पाकिटावरही वाचा, काही ठिकाणी मुरवताना पीठ चोळतात.

मला विचाराल तर दाणेच आणा. ग्वांगझौच्या नैर्ऋत्येला समुद्रकाठी यांगजियांग नावाचं शहर आहे, तिथली दाउसी नावाजलेली. (त्या शहराची आणखी ख्याती म्हणजे सुऱ्या. च्या सस्येनं कपाळाला हात लावला असता.) तिथली दाउसी आल्याच्या तुकड्यांसकट पिवळ्या गोल पुठ्ठ्याच्या डब्यात मिळते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये आयात मालाच्या दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन. ‘सॉल्टेड ब्लॅक बीन्स’ किंवा ‘फर्मेंटेड ब्लॅक बीन्स’ असं लिहिलेलं हवं. नुसतं ‘ब्लॅक बीन्स’ लिहिलेला डबा आणलात तर थेट वर जाऊन नाशिकचं पत्र वाचा.

एक घोटाळा आणखी: तिखट तेलातली दाउसीची बाटली मिळते, ती वरून वाढून घ्यायची चटणी. त्यात भाजी शिजवू नका, मिरची जळते.

*आमच्या शेतात सोयाबीनच सोयाबीन आहे. दाउसी घरी करता येईल का? — लातूर जिल्हा*

करता येईल का, याचं उत्तर हो. तुम्ही करावी का, याचं उत्तर नको.

एक तर आपल्याकडचं सोयाबीन पिवळं. काळं सोयाबीन उत्तराखंडात कुमाऊँकडे होतं, तिथं त्याला भट म्हणतात आणि त्याची झकास डाळ करतात. पण अडचण रंगाची नाही, बुरशीची आहे. दाउसीवर जी चांगली बुरशी चढवतात तिचं नाव आस्परगिलस ओरायझी. तिची दिसायला अगदी सारखी असलेली बहीण आस्परगिलस फ्लेव्हस. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, आणि ते शिजवून जात नाही. भुईमुगाच्या शेंगा ओल्या राहिल्या की जी भीती असते, तीच ही. तिथले कारागीर बुरशीचं विरजण, ओल आणि ऊब सांभाळतात. आपण घरी झाकून ठेवलेल्या टोपलीत कोणती बहीण आली आहे हे डोळ्यांनी कळणार नाही.

सोयाबीन आंबवायचीच हौस असेल तर आपल्या ईशान्येकडे बघा. नागालँडची अखुनी, मणिपूरचं हवाइजार, सिक्कीमचा किनेमा हे सगळे सोयाबीनचेच, पण बुरशीचे नव्हेत, जिवाणूंनी आंबवलेले. त्यांना तार सुटते आणि वास दाउसीपेक्षा कितीतरी उग्र. अखुनी घालून वांगं मी एकदा करून पाहिलं. फार छान लागलं, फक्त ते चिनी नव्हतं, आणि शेजारच्यांनी गॅस गळतोय का विचारलं.

*सासूबाई माळकरी आहेत, कांदा-लसूण चालत नाही. त्यांना हे वांगं करून घालायची फार इच्छा आहे. — पंढरपूर*

नक्की घाला. चिनी बौद्ध मठांतही लसूण, कांदा, पात हे सगळं वर्ज्य असतं, आणि त्यांचा स्वयंपाक दाउसीवर आणि आल्यावर सुरेख चालतो. तयार बाटली मात्र आणू नका, तिच्यात लसूण असतोच. सुके दाणे घ्या, आलं दुप्पट करा, एक सुकी लाल मिरची मोडून तेलात टाका. सुके मशरूम सासूबाईंना चालत असतील तर दोन भिजवून बारीक चिरून घाला आणि साध्या पाण्याऐवजी ते भिजवलेलं पाणी वापरा. वर भाजलेले तीळ.

हिंग घालू का, असं तुम्ही कंसात विचारलं आहे. मी घातला असता तर पोपोंनी ओळख तोडली असती. त्यांना एकदा मी हिंगाची डबी हुंगायला दिली होती, त्यांनी ती झाकण लावून दोन्ही हातांनी, अगदी सन्मानानं, परत केली. पण सासूबाई तुमच्या आहेत, चिमूटभर घाला.

*गाडीवर मिळतं तसं लालभडक, घट्ट ग्रेव्हीचं करायचं असेल तर? — अकोला*

तर कॉर्नफ्लोअर, लाल रंग आणि मंचुरियन. ते चीनमध्ये जन्मलेलंच नाही, मुंबईत जन्मलं, आणि त्याचा मला रागही नाही, मीही खाते. पण त्यात दाउसी घालून ती वाया घालवू नका. या भाजीला रस्सा नसतोच. ताटलीत उतरल्यावर फोडींना चकाकी असावी आणि खाली दोन चमचे काळसर पाणी, एवढंच. चकाकीसाठी अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे थंड पाण्यात कालवून शेवटी घाला. त्याच्यावर गेलात की खळ.

*आम्ही व्हँकुव्हरजवळ रिचमंडला मुलाकडे आलो आहोत. सून कँटोनीज आहे, हाँगकाँगची. फार गुणी मुलगी, माझी भरली वांगी आवडीनं खाते. तिच्या वाढदिवसाला तिच्या घरचं काहीतरी करायचं आहे, पण हॉटेलात आम्हांला ‘फिश फ्रेग्रन्ट’ वांगं मिळालं. तेच का हे? — रिचमंड, कॅनडा*

ते नव्हे. ते सिचुआनचं, युश्यांग. नावात मासा आहे, भाजीत नाही. माशांसाठी वापरायचा मसाला वांग्याला लावतात म्हणून ते नाव. त्यात दाउसीऐवजी मिरची आणि बाकल्याची (ब्रॉड बीन्सची) मुरवलेली पेस्ट, साखर, व्हिनेगर. आणि हॉटेलात बरेचदा डुकराचा खिमा, तेव्हा तुम्ही खात नसाल तर विचारून घ्या.

हाँगकाँगच्या मुलीसाठी मी एकच सुचवीन, आणि तुम्हांला ते जमणारच, कारण तुम्ही भरली वांगी करता. तिथं रस्त्यावर ‘तीन रत्नं’ विकतात: वांगं, ढोबळी मिरची आणि टोफू, तिन्ही माशाच्या वाटणानं भरून तव्यावर भाजलेली, वर दाउसीचा रस. तीन रत्नांत टोफूच असतो असं नाही, पण वांगं बहुधा असतंच.

लांब वांगं तिरपं कापायचं. पहिला काप पूर्ण जाऊ द्यायचा नाही, दुसरा जाऊ द्यायचा, म्हणजे पुस्तकासारखा उघडणारा जोडकाप मिळतो. जाडी साधारण दोन बोटं मिळून. आतल्या दोन्ही बाजूंना कोरडं कॉर्नफ्लोअर चोळायचं, इथंच सगळे चुकतात. ते नसेल तर शिजताना सारण आणि वांगं यांचा घटस्फोट होतो. सारण माशाचं: तिथं त्यासाठी वापरतात तो गोड्या पाण्यातला मासा आपल्या मृगळाचा चुलतभाऊ. तुम्ही रिचमंडला आहात म्हणजे चिनी दुकानात त्याचं तयार वाटण मिळेल, काटे काढायची कटकट नाही. त्यात मिरपूड, पातीचा हिरवा भाग, चमचाभर पाणी घालून एकाच दिशेनं फेटा, मग गोळा हातात घेऊन भांड्यात आपटा. पंधरा-वीस वेळा. चिकट, लवचिक झालं पाहिजे. पीठ तिंबल्यासारखं समजा.

भरलेली बाजू खाली ठेवून मध्यम आचेवर तेलात भाजा, सोनेरी झालं की उलटा. चार-पाच मिनिटांनी बाहेर. त्याच तव्यात ठेचलेली दाउसी, लसूण, पाव वाटी पाणी, साखर, सोया सॉसचे थेंब, किंचित कॉर्नफ्लोअर. वांगी परत आत, झाकण, तीन मिनिटं.

आपल्या भरल्या वांग्यांत मसाला पोटात असतो आणि रस त्याच्यातूनच उतरतो. इथं पोटात साधा, गोडसर मासा आणि सगळा खारट जोर बाहेर. म्हणून सारणात मीठ अगदी बेतानं. आमच्या पहिल्या खेपेला मी सवयीनं सारणात गोडा मसाला घातला होता. पोपोंनी चव घेतली, बराच वेळ चावत राहिल्या, आणि मग विचारलं की आत औषध घातलंय का.

शेवटी तिळाच्या तेलाचे दोन थेंब घालायचे तर चिनी दुकानातलं, भाजलेल्या तिळांचं, गडद तेल घ्या. आपलं तिळाचं तेल कच्च्या तिळांचं, त्याला तो वास येत नाही. आणि सुनेला स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. मदत करायला येईल आणि सगळं तीच करील.

*उघडलेल्या पाकिटातल्या दाण्यांवर पांढरं दिसतंय. टाकून द्यायचं का? — कोल्हापूर*

बोटानं घासून बघा. साखरेसारखे कोरडे कण असतील तर मीठ आहे, वापरा. कापसासारखं लव असेल, हिरवट-निळसर असेल किंवा वास बदलला असेल तर सगळं पाकीट केरात. पाकीट उघडल्यावर दाणे काचेच्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवायचे, कोरडा चमचा वापरायचा, वर्षभर काही होत नाही. झाकण घट्ट हवं, नाहीतर शेजारच्या श्रीखंडाला वास लागतो. आमच्याकडे गेल्या गुढीपाडव्याला लागला होता.